उपासाचा फळा

एका बाईचा मी सूड घेतला. तिची नोकरी घालवली, ठाण्यापासून कल्याणपर्यंत तिला पुन्हा कुठे पाय रोवू दिला नाही, आणि एवढं करून मला झोप अगदी छान लागे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून हळहळीची अपेक्षा ठेवायला नको. ती बाई अजून हयात असेल तर तिनेही हे वाचावं असं मला फार वाटतं.

माझी आत्या बालविधवा. मी तीन वर्षांची असताना आई गेली आणि आत्याने मला वाढवलं. आलवण नेसणारी, ताठ कण्याची, बोलण्यात फटकळ बाई. वडील गेले तेव्हा आम्ही दोघीच उरलो आणि डोंबिवलीला दोन खोल्या घेऊन राहिलो. मी कल्याणला मुलींच्या शाळेत शिकवायची. सकाळी निघायची ती दिवेलागणीला परत. आत्याच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं, दुसरा डोळा आपोआप गेला, तरी ती चाचपडत स्वयंपाक करायची. एक दिवस मी घरी आले तर चुलीपाशी तिच्या आलवणाचा पदर जळून काळा झालेला, आणि ती म्हणते कशी, काही नाही गं, जरा ऊब लागली. त्या दिवशी मी ठरवलं की हिला एकटी ठेवायची नाही.

ठाण्याला तळ्याच्या पलीकडे, टांगा जेमतेम मावेल अशा गल्लीत निराधार वृद्ध बायकांसाठी एक आश्रम होता. आमच्याच ज्ञातीतल्या पाच प्रतिष्ठितांनी काढलेला. अध्यक्ष एक निवृत्त मामलेदार होते, आणि व्यवस्था पाहायला एक चाळिशीची विधवा बाई. सगळ्या तिला ताई म्हणत. मी आधी जाऊन सगळं नीट पाहून आले. फरशी लखलखीत, भांडी उपडी घातलेली, बिछाने कोरडे ठणठणीत. इतक्या म्हाताऱ्या एका छपराखाली आणि कुठे दर्प म्हणून नाही. व्हरांड्यात एक काळा फळा होता. त्यावर रोजची तिथी आणि आज किती जणींचा उपास आहे ते खडूने लिहिलेलं. आश्रमाच्या नियमावलीत एक कलमच होतं, की प्रत्येकीचं व्रतवैकल्य सांभाळलं जाईल, कुणाचाही नेम मोडला जाणार नाही. मला ते कलम वाचून भरून आलं. आत्याने आयुष्यात एकादशी चुकवली नव्हती. सोमवार, प्रदोष, शिवरात्र, दोन्ही चतुर्थ्या, सगळं तिचं चालू होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून ताईने शेऱ्यांची वही पुढे केली, आणि मी आत्याला तिथे ठेवण्याच्या आधीच लिहून मोकळी झाले, ‘व्यवस्था घरच्यासारखी.’

सात-आठ महिने मी दर रविवारी जात होते. रविवार हा भेटीचा दिवस. आत्या दिसायला बारीक होत चालली होती, पण म्हातारी माणसं आटतातच, असं मी स्वतःला सांगायची. एकदा ती म्हणाली, हल्ली पंधरवडे फार लवकर सरतात गं, म्हातारपणी असंच होत असेल. मी हसले. आणखी एकदा तिने सांगितलं की काल एकादशी होती आणि आजही आहे. मी ताईला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, काल स्मार्त, आज भागवत, तुमच्या आत्या दोन्ही करतात. हे असू शकतं. पंचांगात असं येतं कधीकधी.  मी शिकलेली, पदवी घेतलेली बाई, आणि एका आंधळ्या म्हातारीच्या उपासावर शंका घ्यायची मला लाज वाटली. आमच्यात कुणीच घेत नाही. विधवेने जेवण मागितलं तर लोक चार प्रश्न विचारतील, पण तिने जेवण नाकारलं की सगळे हात जोडून मोकळे.

मग एका गुरुवारी संस्थेतले कुणी वारले म्हणून शाळा मधेच सुटली. मी घरी जाऊन मऊ गुरगुट्या भात केला, त्यावर तूप-मेतकूट घातलं, डबा भरला आणि ठाणं गाठलं. भेटीचा दिवस नव्हता, पण ताई बाजारात गेली होती आणि मला कुणी अडवलं नाही. मागच्या खोलीत सात जणी होत्या, काही आंधळ्या, काही अंथरुणाला खिळलेल्या. आत्या भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी डबा उघडला. वास तिला बरोबर कळला. तिने माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, “आज एकादशी ना गं. उद्या आण.”

मंगळवारी अंगारकी झाली होती. आमच्या शेजारणीने चंद्र पाहून उपास सोडला होता आणि मला दोन मोदक आणून दिले होते. मंगळवारी वद्य चतुर्थी, तर गुरुवारी षष्ठी. एकादशीला अजून पाच दिवस होते. मी व्हरांड्यात येऊन फळा पाहिला. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, एकादशी, सात.

स्वयंपाकघरात भांडी घासायला आणि कपडे धुवायला एक आगरी बाई होती. खाडीकाठच्या गावातून चालत यायची, नवरा मिठागरावर. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. काही विचारायची गरज पडली नाही, तिने माझ्या हातातला भरलेला डबा पाहिला.

“बाय, अंगारकी झाली मंगलवारी, मंग आज एकादस कशी आली?” ती हळू आवाजात म्हणाली. “मी इचारला तं मना बोलल्या, तुला काय कलतं, तू भांडी घास. भरल्या पोटी म्हाताऱ्या बिछाने खराब करतान, म्हनं.”

बाकीचं तिने भांडी घासता घासताच सांगितलं. ताई रोज सकाळी मागच्या खोलीत जाऊन पंचांगातली तिथी मोठ्याने वाचून दाखवायची. ऐकणाऱ्या हात जोडायच्या. या सात जणींना चंद्र दिसायचा नाही, भेटायला फारसं कुणी यायचं नाही, म्हणून त्यांचा पंधरवडा ती दहा-अकरा दिवसांत संपवायची. मधे तीन-चार क्षयतिथी सांगून तेवढे दिवस गाळले की झालं. उपासाला म्हणून अर्धं केळं आणि चहा. संध्याकाळी सोडायचा उपास असला तरी तो सुटायचा दुसऱ्या दिवशी. पुढच्या खोलीतल्या डोळस बायकांना हे दिसत होतं, पण बोललीस तर मागच्या खोलीत टाकीन, एवढं वाक्य त्यांना पुरे होतं. आगरी बाई म्हणाली, चादरी मीच धुते, त्या कमी झाल्या, म्हणून मीही गप्प राहिले. निदान ती खरं बोलली.

 तिथे काही तांदूळ चोरले जात नव्हते. माणसं उपाशी ठेवली जात होती, कारण तपासणीला येणारी मंडळी एकच गोष्ट तपासायची, बिछाने कोरडे आहेत का. उपाशी म्हातारीचा बिछाना कोरडा राहतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पाच जण कोट-टोपी घालून यायचे, कॉफी घ्यायचे, चादरीवर हात फिरवायचे, ताई मागे उभी असताना म्हाताऱ्यांना काही तक्रार आहे का विचारायचे, उपासाच्या वहीवर सही करायचे आणि शेरा लिहून जायचे. त्या प्रत्येकाच्या घरी खुंटीला पंचांग लटकत होतं.

आत्याला त्याच दुपारी टांग्यात घालून घरी नेता आलं असतं. टांगा गल्लीच्या तोंडाशी उभाच होता. हे मी लपवत नाही. पण मी तशी गेले असते तर काय झालं असतं? ताईने फळा पुसला असता, लिहिताना चूक झाली म्हणाली असती, मंडळींनी हसून कॉफी घेतली असती, आणि मागच्या सहा जणी तशाच राहिल्या असत्या. सहा जणींचं नाव मी आत्ता घेते आहे. तेव्हा मनात त्या सहा जणी फार नव्हत्या. मला ती बाई हवी होती. ती हातात सापडली पाहिजे, सगळ्यांसमोर, आणि सुटता कामा नये. तपासणीचा रविवार दहा दिवसांवर होता. मधे मंगळवारी खरी एकादशी येत होती. मला ती एकादशी जाऊ द्यायची होती. का, ते पुढे कळेल.

मधल्या रविवारी मी नेहमीसारखी गेले. फळ्यावर शिवरात्र होती, खोटी. मी नेलेला डबा आत्याने पुन्हा परत केला. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागला. आज उपास नाही, जेव, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिला सांगितलं असतं तर तिने ताईला तिथल्या तिथे हाक मारून जाब विचारला असता. पोटात ठेवणं तिला कधी जमलंच नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले, डबा मांडीवर घट्ट बंद. निघताना ताईने विचारलं, आत्यांची तब्येत बरी वाटते ना? मी म्हटलं, तुमच्यामुळेच हो. तिला आनंद झाला. मलाही झाला, वेगळ्या कारणाने.

पहिल्या रविवारी मी पिशवीत पंचांग घालून मंडळींच्या आधी हजर झाले. नातेवाईकांना त्या दिवशी बसायला मुभा होती. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, चादरी, कॉफी, तक्रार नाही. अध्यक्षांनी उपासाची वही उघडली, समाधानाने पानं चाळली आणि टाक शाईत बुडवला. तेव्हा मी उभी राहून एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. विचारा की, ते म्हणाले. त्यांच्या मुलीला मी शिकवलं होतं.

मी विचारलं, आपण अंगारकी करता ना? ते म्हणाले, बारा वर्षांत एक चुकवली नाही. या वेळी कधी झाली? गेल्याच्या आधीच्या मंगळवारी, ते म्हणाले, त्या दिवशी चंद्रोदयाला फार उशीर झाला हेही त्यांना आठवत होतं. मी वहीत त्यानंतरच्या गुरुवारवर बोट ठेवलं. एकादशी, सात. त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं आणि म्हणाले, लिहिण्यात चूक झाली असेल. ताई म्हणाली, हो, चूकच. बाकीचे चौघे हसले. मी म्हटलं होतं ना?

हे होणार हे मला माहीत होतं. म्हातारी उपाशी राहिली म्हणून त्या माणसांचं मन हलणार नव्हतं. उपास म्हणजे पुण्यच, एखादा जास्त झाला तर बिघडलं काय? त्यांचं मन कशाने हलेल ते मी दहा दिवस घोकलं होतं. मी पंचांग उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, ठीक आहे, चूक. मग खरी एकादशी या मंगळवारी झाली, ती पाहा. वहीत मंगळवारी पुढच्या खोलीतल्या दोघींचाच उपास आहे. मागच्या सात जणींना त्या दिवशी काय वाढलं, ते स्वयंपाकघरात विचारा.

आगरी बाई हात पुसत दारात आली. ताईकडे तिने पाहिलंच नाही. म्हणाली, भात नं आमटी.

अध्यक्षांच्या हातातला टाक वहीवर पडला. पान शाईने भरलं. ते उठून उभे राहिले. “विधवांना एकादशीला भात घातलात?” त्यांचा आवाज फुटला होता. “आमच्या आश्रमात?”

गुरुवारबद्दल कुणी विचारलं नाही. शनिवारच्या खोट्या प्रदोषाबद्दल नाही, त्या शिवरात्रीबद्दल नाही. सात म्हाताऱ्यांच्या बरगड्या भिंतीपलीकडे मोजता येत होत्या, आणि ही पाच माणसं भाताने हादरली होती. मला त्यांचीही चीड आली, पण त्या वेळी त्यांचा राग मला उपयोगी होता, म्हणून मी मान खाली घालून बसले. ताईचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पोटभर पाहिला. ती मंडळींना सोडून माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, तुम्ही आठवड्याला एकदा डबा घेऊन येता. सात जणींना उचलून रोज मोरीवर नेणारी मी एकटी. दोन बायका द्या म्हणून यांच्याकडे तीन वर्षं मागते आहे.”

ते खरं होतं. अध्यक्षांनी नजर चुकवली त्यावरूनच कळलं. तरीही मला तिची दया आली नाही, आणि आजही येत नाही. पाठ मोडते म्हणून माणूस कमी वेळा उचलेल, चिडेल, हात आपटेल. ती तर रोज सकाळी आंघोळ करून, पंचांग हातात धरून, देवाच्या नावाने खोटं बोलायची, आणि समोर सात जणी हात जोडून ऐकायच्या.

तिला त्याच दिवशी काढलं. मंडळींना ते गुपचूप उरकायचं होतं, लोकांत नाव जाईल म्हणून. मी गुपचूप राहिले नाही. ज्ञातीतल्या घराघरांत जाऊन मी तपशीलवार सांगितलं, आणि ऐकणारा ‘अरेरे’ म्हणून विषय बदलू लागला की पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. महिन्याभराने तिला कल्याणच्या एका प्रसूतिगृहात काम मिळतंय असं कानावर आलं. मी शाळा सुटल्यावर तिथे गेले आणि डॉक्टरीणबाईंना भेटले. तिला काम मिळालं नाही. पुढे शहाडला मुलींच्या एका वसतिगृहात तिने प्रयत्न केला, तिथेही मी पोचले. आश्रमाच्या मंडळातही मी हट्टाने शिरले, त्यातली पहिली बाई, आणि नियम करवून घेतला की तपासणीला कुठल्याही वारी, न सांगता यायचं, मागच्या खोलीतल्या बायकांच्या पंगतीत बसून त्यांच्यातलंच जेवायचं आणि मगच सही करायची. आणखी दोन बायका नेमायला लावल्या. अध्यक्ष एकदा पंगतीला बसले, त्यांच्या पानात मी मुद्दाम तीच पाणचट आमटी वाढायला लावली जी वर्षानुवर्षं त्यांच्या सहीने चालली होती. दुसऱ्यांदा ते आले नाहीत. राजीनामा पाठवला, प्रकृतीचं कारण देऊन. तो वाचून मी गोड शिरा केला.

पण शेवट मला वेगळा सांगायचा आहे.

आत्याला मी त्या रविवारीच घरी आणलं होतं. शाळेतून बिनपगारी रजा घेतली. डॉक्टर म्हणाले, पोटाने खाण्याची सवय सोडली आहे, चमच्याचमच्याने भरवा. पेज, वरणाचं पाणी, कधी ताकभात. चार घास गेले की ती दमायची. ती त्यानंतर दीड महिना जगली. मी तिला एवढंच सांगितलं होतं की ताईला काढलं म्हणून तुला घरी आणलं. तिने फार विचारलं नाही.

प्रसूतिगृहात जाऊन आले त्या दिवशी मी अगदी फुलून गेले होते. राहवेना. तिला उशीला टेकवून बसवलं, पेज भरवता भरवता सगळं सांगितलं. गुरुवारचा डबा, फळा, आगरी बाई काय म्हणाली, मग मी कशी दम धरून राहिले, खरी एकादशी कशी मुद्दाम जाऊ दिली, पंचांग कसं पिशवीत लपवून नेलं, अध्यक्षांचा टाक कसा पडला. एखाद्या लढाईची हकीकत सांगावी तशी मी सांगत होते. मला वाटलं, तिला समाधान वाटेल. इतक्या जणांनी आयुष्यभर तिला गृहीत धरलं होतं. तिच्यासाठी कुणीतरी पहिल्यांदाच कुणालातरी धडा शिकवला होता.

ती ऐकत होती. एकादशीला भात खाल्ला हे ऐकून ती कळवळेल, प्रायश्चित्ताचं काढेल, अशी मला धास्ती होती, पण त्याबद्दल ती बोललीच नाही. माझं सांगून झाल्यावर तिने विचारलं, “तुला गुरुवारी कळलं?”

मी म्हटलं, हो, षष्ठीला.

तिने उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि मोजायला लागली. शुक्रवारी भागवत एकादशी. शनिवारी प्रदोष. रविवारी शिवरात्र, तू डबा आणला होतास. सोमवार तिने गाळला, म्हणाली, तो माझा स्वतःचा. मग पुढच्या शुक्रवारी विनायकी. अंगठा चौथ्या पेरावर थांबला. तिच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी माझा हिशेब चुकला की ज्या सुरात ती सांगायची त्याच सुरात म्हणाली, “म्हणजे आधीचे सगळे तिने घडवले. हे चार तू.”

मी मान हलवली. तिला ते दिसत नव्हतं, म्हणून मला तोंडाने ‘हो’ म्हणावं लागलं.